पहाटेचे पडणे आणि आठ औषधांची यादी : एक प्रकरण अभ्यास

तक्रार

७३ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला तिची मुलगी तपासणीसाठी घेऊन आली, तेव्हा मुलीचे पहिलेच वाक्य होते, "डॉक्टर, आईला जरा जास्त पॉवरची झोपेची गोळी द्या. आहे ती आता लागूच पडत नाही." मागणी झोपेच्या गोळीची होती, पण त्या दोघी आल्या होत्या ते चार दिवसांपूर्वीच्या एका पडण्यामुळे. पहाटे तीनच्या सुमारास बाई लघवीला उठल्या, खोलीच्या दारापर्यंत पोहोचायच्या आतच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या उजव्या अंगावर पडल्या. हाड मोडले नव्हते. मनगट सुजले होते आणि मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. मुलीचे म्हणणे असे की आईला सलग झोप लागली असती, तर ती उठलीच नसती आणि पडलीही नसती. वरवर पाहता या म्हणण्यात तथ्य वाटते, आणि नेमके म्हणूनच अशा वेळी गोळीची मात्रा वाढवली जाते.

येथे मांडलेले तपशील एकाच व्यक्तीचे नाहीत. दीर्घकालीन आजार असलेल्या ज्येष्ठांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाच्या रूपात एकत्र केल्या आहेत, त्यामुळे कोणाचीही ओळख उघड होत नाही.

बाईंना १६ वर्षांपासून उच्च रक्तदाब, ११ वर्षांपासून मधुमेह आणि दोन्ही गुडघ्यांची झीज होती. झोपेची तक्रार तीन वर्षांची होती. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग किमान तीन महिने झोपेचा त्रास राहिला, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. बाईंची तक्रार या व्याख्येत चपखल बसत होती, पण तक्रारीला नाव मिळाल्याने तिचे कारण सापडत नाही. मी विचारले, "बाई, रात्री जाग येते ती नेमकी कशाने येते?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "लघवी लागते म्हणून येते. चार-पाचदा तरी उठावे लागते. एकदा उठले की मग डोळ्याला डोळा लागत नाही, कूस बदलत पडून राहायचे." आधी जाग येते आणि मग उठलोच आहोत तर जाऊन येऊ असे होते, की लघवीच्या दाबानेच झोप मोडते, हा फरक लहान वाटतो. या प्रकरणाची दिशा मात्र त्यानेच ठरवली. तीन वर्षांत हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नव्हता, असे बाई म्हणाल्या.

औषधांची पिशवी

घरातली सगळी औषधे, मग ती रोजची असोत, अधूनमधून घेतली जाणारी असोत किंवा चिठ्ठीशिवाय आणलेली असोत, एका पिशवीत घालून घेऊन या, असे मी सांगितले. औषधांच्या यादीवर माझा तितकासा विश्वास नसतो. यादीत डॉक्टरांनी लिहिलेले असते, तर पिशवीत माणूस खरोखर घेत असलेले सापडते. दुसऱ्या दिवशी टेबलावर पिशवी रिकामी केली, तेव्हा तीत कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे होते आणि त्यांतील दोन तुकड्यांवरचे नाव कापण्यात गेले होते. एका पिवळ्या गोळीला बाई "सर्दीची" म्हणत होत्या, पण त्यांना सर्दी नव्हती. "तिने गुंगी येते म्हणून घेते," असे त्यांनी खालच्या आवाजात सांगितले.

एकूण आठ औषधे निघाली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी सहाला, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा, त्याने पित्त होऊ नये म्हणून पँटोप्राझोल, झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, आणि ती "सर्दीची" गोळी, म्हणजे क्लोरफेनिरामाइन. पाच किंवा अधिक औषधे चालू असली की बहुऔषधोपचार म्हणायची रीत आहे, पण नुसत्या आकड्यावरून मी घाबरत नाही. अनेक आजार असलेल्या माणसाला आठ औषधे खरोखरच लागू शकतात. म्हणून प्रत्येक औषध केव्हा आणि कशासाठी सुरू झाले, हे जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून पाहिले, आणि त्या क्रमातूनच सगळी गोष्ट उलगडली.

सहा वर्षांपूर्वी गुडघे दुखू लागले म्हणून डायक्लोफेनॅक सुरू झाले आणि थांबवायचे राहून गेले. या वर्गातली वेदनाशामके मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे तिथला रक्तपुरवठा राखणारी द्रव्ये, अडवतात. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा परिणाम बोथट होतो. वर्षभरात बाईंचा रक्तदाब वाढला. ज्यांनी तो मोजला त्यांच्यासमोर वेदनाशामकाचा उल्लेख झाला नव्हता, त्यामुळे आजार बळावला असे धरून ॲम्लोडिपिन जोडले गेले, आधी ५ आणि मग १० मिलिग्रॅम. ॲम्लोडिपिनने लहान धमन्या सैलावतात पण शिरा त्या प्रमाणात सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव ऊतींमध्ये झिरपतो आणि घोटे सुजतात. मात्रा जितकी जास्त, तितकी ही सूज अधिक आढळते. बाईंचे घोटे सुजले. सूज म्हणजे अंगात पाणी झाले असे समजून लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड आले. या प्रकारच्या सुजेत शरीरात जादा पाणी असतेच असे नाही, त्यामुळे त्या गोळीने सूज पुरती उतरली नाही आणि संध्याकाळची दुसरी मात्रा वाढवण्यात आली. पोटातून घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा परिणाम साधारण सहा ते आठ तास टिकतो. सहा वाजता घेतलेली गोळी मध्यरात्रीनंतरही काम करत होती.

तीन वर्षांपूर्वी पतीचे निधन झाले. त्या काळात "पंधरा दिवसांसाठी" म्हणून अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिले गेले. ते पंधरा दिवस कधी संपलेच नाहीत. रात्रीची झोप मोडतच राहिली म्हणून वर्षभराने मात्रा दुप्पट झाली, आणि तीही पुरेना तेव्हा बाईंनी स्वतःच सर्दीच्या गोळीचा आधार घेतला.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध द्यायचे, दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरे, या प्रकाराला औषधांची साखळी म्हणून वैद्यकीय लेखनात ठळक ओळख मिळवून दिली ती पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या वृद्धवैद्यकतज्ज्ञांनी, १९९० च्या दशकात. मी या बाईंच्या आधीच्या कोणत्याही डॉक्टरांना दोष देत नाही. प्रत्येकाने समोर दिसलेल्या गोष्टीवर योग्य वाटणारा उपाय केला. वेगवेगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते, कारण तिचा भार शेवटी अंधारात एकटीने उठणाऱ्या माणसावर पडतो.

मोजमाप

अंदाजावर औषधे बंद करणे हे अंदाजावर ती सुरू करण्याइतकेच चुकीचे आहे, म्हणून आधी मोजमाप केले. आडवे असताना रक्तदाब १४८/८२ होता, आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने १२२/७४. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो उभे राहताना रक्तदाब घसरण्याचा विकार मानतात. येथे वरचा आकडा २६ ने उतरत होता. दवाखान्यात बसवून घेतलेल्या एका मोजणीत हे कधीच कळले नसते.

मुलीने तीन दिवस मोजपात्रात लघवी मोजून वहीत वेळेसह लिहून ठेवली. हे काम किचकट आणि संकोचाचे आहे, पण तिने ते नेटाने केले. त्यातल्या एका दिवसाचा हिशेब असा : चोवीस तासांत १७५० मिलिलिटर, त्यांपैकी झोपायला गेल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची ७८०, म्हणजे जवळपास ४५ टक्के. ज्येष्ठांमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर गेले तर रात्रीची लघवी अधिक आहे असे मानतात. कारण समजण्यासारखे होते. दिवसभर पायांत साठलेला द्रव आडवे झाल्यावर रक्तात परततो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतात. त्यात संध्याकाळच्या फ्युरोसेमाइडची भर. शिवाय लघवी झाल्यानंतर सोनोग्राफीत मूत्राशयात १३० मिलिलिटर शिल्लक दिसली. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी ॲलर्जीविरोधी औषधे मूत्राशयाचे आकुंचन दुबळे करतात, त्यामुळे ते पुरते रिकामे होत नाही आणि लवकर पुन्हा भरते. झोप यावी म्हणून घेतलेली गोळी झोप मोडण्यालाच हातभार लावत होती.

हृदयाचा इको व्यवस्थित होता, म्हणजे सुजेमागे हृदय नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी (एचबीए१सी) ७.२ टक्के, म्हणजे साखरेमुळे लघवी वाढली असेही म्हणता येत नव्हते. घोरणे, श्वास अडकणे, पाय सतत हलवावेसे वाटणे यांची चौकशी केली, त्यात काही सापडले नाही. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ५२ मिलिलिटरपर्यंत उतरली होती. टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि डायक्लोफेनॅक एकत्र चालू असताना ती उतरावी यात नवल नाही. या तिघांचा एकत्रित मारा मूत्रपिंडाला अचानक निकामीही करू शकतो.

मुलीने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली : आई हल्ली बोलता बोलता मध्येच थांबते, काय सांगत होते ते विसरते, दुपारी खुर्चीतच पेंगते. अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला तरुण प्रौढांत साधारण ११ तास लागतात, ज्येष्ठांत साधारण १६. रात्री दहाला घेतलेल्या गोळीतले निम्मे औषध दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजताही बाईंच्या रक्तात होते. म्हणून स्मरणशक्तीची चाचणी मी त्या दिवशी मुद्दाम केली नाही. गुंगीच्या औषधाखाली घेतलेल्या चाचणीवरून एखाद्याच्या माथी विस्मृतीचा आजार मारणे मला मोठा अन्याय वाटतो.

काय केले आणि कोणत्या क्रमाने

मुलीच्या मूळ मागणीला मी आधी सरळ उत्तर दिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ६० वर्षांवरील लोकांवरचे झोपेच्या औषधांचे प्रयोग तपासले गेले. एका व्यक्तीची झोप सुधारण्यासाठी १३ जणांना औषध द्यावे लागत होते, आणि दर ६ जणांमागे एकाला दुष्परिणाम होत होता. १९९१ मध्ये वृद्धवैद्यकतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी सुरू केलेल्या आणि आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीतर्फे वेळोवेळी सुधारल्या जाणाऱ्या निकषांत अल्प्राझोलामचा वर्ग, झोल्पिडेमसारखी झोपेची औषधे आणि क्लोरफेनिरामाइनचा वर्ग ही तिन्ही ज्येष्ठांत टाळावीत असे म्हटले आहे. हे ऐकून मुलगी म्हणाली, "मग आजच सगळ्या गोळ्या बंद करू या का?" तेही चालणार नव्हते. वर्षानुवर्षे घेतलेले अल्प्राझोलाम एकाएकी बंद केले, तर झोप पूर्वीपेक्षा बिघडते, कंप आणि घबराट होते आणि फेफरेही येऊ शकते. ही गोळी कोणीही स्वतःच्या मनाने थांबवू नये.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी थांबवल्या : संध्याकाळचे फ्युरोसेमाइड, क्लोरफेनिरामाइन आणि डायक्लोफेनॅक. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ठरावीक मात्रेत, लावायचे वेदनाशामक जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टनी वेळ दिला, आणि तो वेळ या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा होता, कारण गुडघा दुखत राहिला असता तर बाई आठवडाभरात जुन्या गोळीकडे वळल्या असत्या. दुपारी उशिरा पाय उंच ठेवून तासभर बसायला सांगितले, म्हणजे पायांतला द्रव झोपायच्या आधीच बाहेर पडेल. दोन आठवड्यांनी घरच्या नोंदींत रक्तदाब उतरलेला दिसला, तेव्हा ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवर आणले. चौथ्या आठवड्यात सूज घोट्यांच्या हाडांभोवती थोडीशीच उरली होती, म्हणून सकाळचे फ्युरोसेमाइडही थांबवले आणि रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घेतले. डायक्लोफेनॅक गेल्यावर पँटोप्राझोलचे प्रयोजन उरले नाही.

अल्प्राझोलामला सहाव्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही. या निर्णयावर मतभेद होऊ शकतो, आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी एकाचे मत ठाम होते की पडलेल्या रुग्णात ही गोळी पहिल्याच दिवसापासून उतरवायला घ्यावी. त्या मताला आधार आहे. माझा विचार असा होता की रात्रीत पाचदा उठावे लागत असतानाच गोळी कमी केली, तर प्रत्येक वाईट रात्रीचा दोष कमी केलेल्या गोळीवर जाईल आणि बाईंचा धीर सुटेल. त्या सहा आठवड्यांचा धोका कमी करण्यासाठी मुलगी आईच्या खोलीत झोपली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवे लावले, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय हलवत बसायचे आणि मगच उभे राहायचे, अशी सवय लावली. पुन्हा पडणे झाले नाही. झाले असते, तर माझा निर्णय चुकीचा ठरला असता, हे मी मान्य करतो.

सहाव्या आठवड्यात रात्रीचे उठणे दोनवर आले होते. तेव्हा मात्रा ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५ अशी उतरवली. आधीच्या पायऱ्या तीन आठवड्यांच्या आणि नंतरच्या चार ते पाच आठवड्यांच्या ठेवल्या. ०.१२५ वर आल्यावर सलग तीन रात्री बाई टक्क जाग्या राहिल्या. चौथ्या सकाळी फोन आला : "डॉक्टर, पूर्वीची गोळी घेऊ का?" असे होईल हे त्यांना आधी सांगितलेले होते आणि मुलीने ते वहीत लिहूनही ठेवले होते. मात्रा वाढवली नाही, पुढची पायरी मात्र दोन आठवडे पुढे ढकलली. रुग्णाला आधी नीट समजावून सांगण्याचे बळ किती असते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात दिसले आहे. ज्या ज्येष्ठांना या गोळ्यांविषयी माहितीपुस्तिका दिली, त्यांपैकी २७ टक्के जणांनी सहा महिन्यांत गोळी पूर्ण सोडली, आणि ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते.

झोपेचे काम समांतर चालू होते. बाई रात्री नऊला पलंगावर जात आणि सकाळी साडेसहाला उठत, म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात आणि त्यांत झोप जेमतेम साडेपाच तास. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात, ज्याला २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सही पहिला उपचार मानते, अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणतात. पडण्याचा धोका असलेल्या व्यक्तीत हा वेळ एकदम तोडणे मला सुरक्षित वाटत नाही, म्हणून तो दर आठवड्याला अर्ध्या तासाने कमी केला. सात तासांवर थांबलो. बाईंना सर्वांत अवघड गेले ते दुपारी न पेंगणे. त्यावर त्यांनीच तोडगा काढला. शेजारच्या दोन मुलांना त्या दुपारी तीन वाजता गणित शिकवू लागल्या.

सहा महिन्यांनंतर

आता बाई सात तास अंथरुणात असतात आणि सुमारे सहा तास झोपतात. रात्री एकदा, क्वचित दोनदा उठतात. चारच्या सुमारास जाग येतेच. वयानुसार गाढ झोप कमी होते आणि जाग येण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे ती जाग मिटवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. आडवे असताना रक्तदाब १३७/७८ आणि उभे राहिल्यावर १२८/७५ आहे. मूत्रपिंडाची गाळणक्षमता ६१ वर आली, मूत्राशयातली शिल्लक ३० मिलिलिटरवर. स्मरणशक्तीची चाचणी गोळी सुटल्यानंतर दीड महिन्याने केली आणि ती वयाच्या मानाने व्यवस्थित निघाली. औषधे चार उरली : टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन आणि लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. उजवा गुडघा अजून दुखतो आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यायचा आहे.

जाताना मुलीला एक कागद दिला होता. त्यावर चालू औषधांच्या खाली थांबवलेली औषधे आणि प्रत्येकापुढे ती का थांबवली याचे एक वाक्य लिहिले होते. पहिली ओळ डायक्लोफेनॅकची होती : "याने रक्तदाब वाढला व पुढील औषधे लागली, पुन्हा देऊ नये." गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला गेल्या असताना दुसरीकडे नेमकी त्याच वर्गातली गोळी लिहून मिळाली. मुलीने तो कागद पुढे केला, डॉक्टरांनी तो वाचला, आणि चिठ्ठीवरची ती ओळ खोडून जेल लिहून दिले.